एका प्लॉटवर दोन-तीन घरं असली की किंमत कशी काढायची : नाशिकपुरता सविस्तर हिशोब

नाशकात एका प्लॉटवर एकच घर असं चित्र आता बरंच कमी झालंय. गंगापूर रोडला पुढे बंगला आणि मागे आऊटहाऊस, सिडकोत खाली मालक आणि वर दोन मजले भाडेकरू बाहेरून लोखंडी जिना लावून, मखमलाबाद-आडगावकडे मळ्यात एकाच गटात तीन भावांची तीन घरं, अंबड-चुंचाळेकडे कामगारांसाठी खोल्यांची लाईन, आणि जुन्या नाशकात वाडा, ज्याचे मालकही पाच आणि बिऱ्हाडंही पाच. यांची किंमत काढायची वेळ आली की घरचे, एजंट, कधी कधी इंजिनियर लोकसुद्धा एकच करतात, प्रत्येक घर सुटं धरून भाव लावतात आणि शेवटी बेरीज मारतात. बेरीज दिसते भारी पण त्या आकड्याला गिऱ्हाईक काही येत नाही, कारण त्यात जमीन दोनदा धरलेली असते, म्हणजे एकाच ट्रॅक्टरमधला कांदा दोन व्यापाऱ्यांना विकल्यासारखं.

मी हे काम बँकांसाठी पण करतो आणि घरगुती वाटण्यांसाठी पण, त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने आहे ज्या क्रमाने मी स्वतः साइटवर आणि टेबलावर बसून करतो.

आधी ठरवा, किंमत कशासाठी पाहिजे

हे विचारल्याशिवाय फिता काढायचा नाही. बँकेला कर्जासाठी पाहिजे असेल तर ती उद्या विकून पैसे वसूल होतील का एवढंच बघते, आणि साधारण मंजूर बांधकामच धरते. विकायला काढायचं असेल तर बाजारात आज काय मिळेल तो आकडा पाहिजे. भावाभावांत वाटणी असेल तर एकूण किंमतीइतकंच कुणाच्या वाट्याला पुढचं घर आणि कुणाच्या वाट्याला मागचं हे महत्त्वाचं. आणि कॅपिटल गेनसाठी, म्हणजे विक्रीच्या नफ्यावरच्या करासाठी, पाहिजे असेल तर आजची नाही, १ एप्रिल २००१ ची किंमत लागते (मालमत्ता त्याच्या आधीपासूनची असेल तर). एकाच प्लॉटचे हे चार आकडे चार वेगळे येऊ शकतात आणि चारही बरोबर असू शकतात. लोकांना हे पटत नाही, "एकच काय ती खरी किंमत सांगा ना साहेब" असं म्हणतात, पण तशी नसते.

कागद : वेगळं विकता येतं का?

सगळा हिशोब या एका प्रश्नावर फिरतो. मागचं घर उद्या एकट्याने विकता येईल का? म्हणजे दुय्यम निबंधकाकडे त्याचं स्वतंत्र खरेदीखत होईल का आणि घेणाऱ्याला त्यावर लोन मिळेल का?

त्यासाठी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक (सिटी सर्व्हे झाला असेल तर), मोजणीची क प्रत (भूमी अभिलेखचा हद्दीचा नकाशा), मंजूर ले-आऊट, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगीचा नकाशा, भोगवटा दाखला, घरपट्टीचा उतारा आणि सगळी लाईट बिलं एकत्र मागवा. मग तीनपैकी एक परिस्थिती निघते. एक, प्लॉटचं सब-डिव्हिजन रीतसर मंजूर आहे, मग ते दोन प्लॉट झाले आणि हा लेख तुम्हाला फारसा लागणारच नाही, दोन्हीची वेगवेगळी किंमत काढा. दोन, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन झालंय आणि प्रत्येक युनिटला जमिनीतला अविभक्त हिस्सा दिलाय, मग प्रत्येक युनिट फ्लॅटसारखं धरायचं. तीन, यातलं काहीच नाही, फक्त घरात ठरलंय की पुढचं दादाचं आणि मागचं धाकट्याचं, फार तर नोटरी केलेला कागद आहे. आपल्याकडे बहुतेक केसेस तिसऱ्याच असतात. नोटरीच्या कागदाने मालकी वाटली जात नाही, वाटणीपत्र नोंदणीकृत लागतं. तेव्हा तिसऱ्या परिस्थितीत किंमत एकाच मालमत्तेची काढायची, म्हणजे "एक प्लॉट आणि त्यावरची सगळी घरं, एकाच गिऱ्हाईकाला, एकाच वेळी" असं धरून.

घरपट्टी वेगवेगळी आहे, मीटर वेगवेगळे आहेत म्हणून घरं वेगळी झाली असं सांगणारे खूप भेटतील. घरपट्टी महापालिका अनधिकृत बांधकामालासुद्धा लावते, आणि महावितरणचं मीटर म्हणजे मालकी हक्क नाही. पण हे कागद फेकूनही देऊ नका, बांधकाम कोणत्या साली झालं हे शोधायला त्यांच्याइतका चांगला पुरावा दुसरा नसतो, ते शेवटी २००१ च्या भानगडीत कामाला येईल.

सिडकोचं घर असेल तर जमिनीचा भाडेपट्टा, मूळ वाटपपत्र आणि ट्रान्सफरचे कागद बघा, साखळी तुटली असेल तर वर तीन मजले चढवलेले असले तरी किंमत अडकते. मळ्यातलं असेल तर बिनशेती झालंय का, वर्ग १ आहे का वर्ग २ (वर्ग २ म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागणारी), आणि तुकडे नुसते गुंठेवारीने, म्हणजे ले-आऊट मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने, पाडलेत का ते बघा. २००१ चा गुंठेवारी कायदा २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला, त्यात नियमित झालेलं असेल तर तसा आदेश हातात घ्या, "अर्ज टाकलाय" यावर काही चालत नाही.

रस्ता, एफएसआय आणि पाणी

डीपीचा (शहराच्या विकास आराखड्याचा) अभिप्राय आणि झोन दाखला काढा. रस्ता किती मीटरचा ते नकाशात बघा आणि जागेवर पण मोजा, कारण डीपीत १२ मीटर आणि जागेवर सहा असं असतं आणि मग रस्ता रुंदीकरणात पुढच्याच घराचा कंपाऊंड जातो.

डिसेंबर २०२० पासून जी बांधकामाची एकत्रित नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात गावठाण सोडून रहिवासी भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१० धरतात, आणि त्यावर जादा म्हणून प्रीमियम (सरकारला पैसे भरून) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क विकत घेऊन) घ्यायचा तर रस्ता निदान ९ मीटरचा लागतो. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर मूळ ३३० चौरस मीटर बांधता येतं. सगळ्या घरांचं मिळून किती वापरलंय ते मांडा. शिल्लक असेल तर मागचं विनापरवानगी घर नियमित व्हायची आशा असते, पण फक्त एफएसआय बसून भागत नाही, साइड मार्जिन आणि मागचं मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) पण बसलं पाहिजे, आणि आऊटहाऊस बहुतेक वेळा नेमकं त्या मार्जिनमध्येच बांधलेलं असतं.

आणि पूररेषा. गोदावरीच नाही, नासर्डी, वालदेवी, वाघाडी यांच्या काठचे प्लॉट पण बघा. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम बंद, निळी आणि लाल रेषेच्या मधे अटींवर. पंचवटीत काय, जुन्या नाशकात काय, लोक पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला किती पाणी लागलं यावरून सांगतात आणि २००८ चा, २०१६ चा, २०१९ चा पूर सगळ्यांना आठवतो, तेव्हा शेजाऱ्याला नुसतं विचारा की तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. निळ्या रेषेतलं मागचं बिनपरवानगी घर आज उभं असलं तरी पडल्यावर परत बांधता येणार नाही, म्हणून त्याची किंमत उरलेल्या आयुष्यापुरतीच.

जागेवर : फिता, डोळे आणि प्रश्न

प्रत्येक घर वेगळं मोजा, बाहेरच्या भिंतींवरून. बाल्कनी, पत्र्याची शेड, पोटमाळा, उघडा जिना हे वेगळे लिहा, त्यांना स्लॅबच्या घराचा भाव लागत नाही. मग मंजूर नकाशा शेजारी धरून फरक लिहा : हे मंजूर, हे वाढीव, हे पूर्ण बिनपरवानगी. दोन रंगांच्या पेनाने करा, साधं काम आहे पण पुढे सगळा रिपोर्ट त्यावर उभा राहतो.

वेगळं घर म्हणायचं कशाला? स्वतःचा दरवाजा, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम, आणि दुसऱ्याच्या घरातून न जाता आत यायची वाट, एवढं पाहिजे. एक खोली मागे काढली आणि पाहुण्यांना दिली म्हणजे ते दुसरं घर नाही, ती त्याच घराची खोली.

मागच्या घराकडे जाणाऱ्या बोळाची रुंदी मोजा. ही माझ्या मते अख्ख्या साइट व्हिजिटमधली सगळ्यात महत्त्वाची मोजणी आहे आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी पण हीच. कार जाते का, फक्त बाईक जाते का, का बाईकसुद्धा तिरकी करून काढावी लागते? फ्रिज आणि पलंग आत गेला कसा? ॲम्ब्युलन्सचं स्ट्रेचर वळेल का? भाडेकरू याच गोष्टींचे पैसे देतो किंवा कापतो, आणि उद्या वाटणी करायची झाली तर भांडण याच बोळावरून होणार आहे.

मग सामायिक काय काय आहे ते लिहा. बोअर एकच का, नळ कनेक्शन एकाच्या नावावर का, ड्रेनेज लाईनला जोडलंय का जुनीच सेप्टिक टाकी आहे आणि ती कुणाच्या ओट्याखाली आहे, गच्चीवर कोण जातं, पाण्याची टाकी कुणाची. दोन घरांची भिंत एक असेल तर जॉइंटमध्ये गळती हमखास, म्हणून शक्य असेल तर पावसाळ्यात बघा, आणि उन्हाळ्यात बघायचं झालं तर छताच्या कोपऱ्यात नवा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्यात दिसतोय का ते बघा. काळ्या मातीवर पाया कमी घेतला असेल तर मागच्या घराला तिरक्या भेगा दिसतात, कारण पुढच्या बंगल्याला आर्किटेक्ट होता आणि मागचं घर मिस्त्रीने उरलेल्या सळईत उरकलेलं असतं, हे मी गमतीत म्हणतोय पण फार गमतीत नाही.

प्रत्येक घरात कोण राहतं, कधीपासून, कोणत्या कागदावर, भाडं किती, डिपॉझिट किती, हे मालकाला विचारा आणि मग चहा घेता घेता भाडेकरूला पण विचारा. दोन उत्तरं जुळली तर बरं.

बाजारभाव शोधताना

रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे, तो बाजारभाव नाही. काही भागात बाजार त्याच्या वर असतो, काही ठिकाणी, विशेषतः आतल्या अरुंद गल्लीत, खाली पण असतो. तो बघायचा, लिहायचा, पण त्याच्यावर किंमत टेकवायची नाही.

खरे व्यवहार शोधायला नोंदणी विभागाच्या साइटवर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) निघतात. त्यातली रक्कम पूर्ण असेलच असं नाही हे सगळ्यांना माहिती आहे, त्यामुळे एक-दोन व्यवहारांवर न जाता पाच-सहा काढा आणि शक्य झालं तर घेणाऱ्याशी किंवा त्यावेळच्या एजंटशी बोला. एजंट जो "चालू भाव" सांगतो तो मागणीचा भाव असतो, आणि सध्या २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या नावाने मागण्या अजून वर गेल्यात, रिंगरोड होणार म्हणून अमुक, साधुग्राम जवळ म्हणून तमुक. मागणी लिहून घ्या पण मोजा झालेला व्यवहार.

तुमच्यासारखाच दोन घरांचा प्लॉट विकला गेलेला सापडला तर उत्तम, पण बऱ्याचदा सापडत नाही. मग त्याच भागातला, त्याच मापाचा, एकच बंगला असलेला प्लॉट घ्या आणि मागच्या घराने त्यात किती भर पडते ते वेगळं काढा. भर म्हणजे बांधायला लागलेला खर्च नाही, गिऱ्हाईक त्यासाठी जे जादा मोजतो ते. हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

तुलना करताना एकच गोष्ट दोनदा कापू नका. रस्ता अरुंद म्हणून जमिनीचा भाव आधीच कमी धरला असेल तर परत "ॲप्रोच खराब" म्हणून पाच टक्के कापायचे नाहीत. आणि पूर्वमुखी घराला आपल्याकडे गिऱ्हाईक जास्त मोजतं हे खरं आहे, तुम्ही वास्तू माना न माना, ते किंमतीत येतं.

आता आकडे : एक उदाहरण

आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत, यातला कुठलाच आजचा भाव म्हणून घेऊ नका. म्हसरूळकडे ३०० चौरस मीटरचा प्लॉट, रस्ता ९ मीटर. पुढे २० वर्षं जुना मंजूर आरसीसी बंगला १६० चौरस मीटर (इथून पुढे क्षेत्रफळ आणि भावात नुसतं मीटर म्हटलं तरी चौरस मीटरच). मागे १० वर्षं जुनं आरसीसी घर ७० मीटर, परवानगी नाही पण एफएसआय आणि मार्जिन बसतंय. बाजूच्या मार्जिनमध्ये पत्र्याच्या दोन खोल्या, मिळून ३० मीटर, १५ वर्षं जुन्या.

आधी मालकाची बेरीज बघा. बंगला जमिनीसकट १ कोटी १३ लाख (शेजारी तसाच गेलाय म्हणून), मागचं घर "टू-बीएचके फ्लॅटसारखं आहे" म्हणून ४५ हजार रुपये मीटरने ३१.५ लाख, खोल्यांचे ५ लाख, झाले जवळपास दीड कोटी. फ्लॅटच्या ४५ हजारांत जमिनीचा हिस्सा धरलेला असतो, आणि ती जमीन बंगल्याच्या १ कोटी १३ लाखात आधीच येऊन गेलीय. दोनदा मोजली ती इथे.

खर्चाच्या पद्धतीने असं येतं. जमीन ३० हजार रुपये मीटर, ९० लाख. बंगला आज नवा बांधायचा तर २२ हजारांनी ३५.२ लाख, आयुष्य ६० वर्षं, शेवटी मोडीत १० टक्के धरलं तर घसारा २० गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे ३० टक्के, उरले २४.६४ लाख. मागचं घर २० हजारांनी १४ लाख, घसारा १५ टक्के, उरले ११.९ लाख. पत्र्याच्या खोल्या १० हजारांनी ३ लाख, आयुष्य ३० वर्षं, घसारा ४५ टक्के, उरले १.६५ लाख. सगळं मिळून १ कोटी २८ लाख १९ हजार.

पण खोल्या मार्जिनमध्ये आहेत, त्या कधी नियमित होणार नाहीत, तक्रार झाली की पाडाव्या लागतील. त्यांची किंमत शून्य धरा, पत्रा आणि अँगल विकून पाडायची मजुरी निघाली तरी खूप. मागचं घर नियमित करायला दंड, आर्किटेक्टची फी, विकास शुल्क वगैरे मिळून समजा अडीच लाख, मग ११.९ मधून ते वजा, ९.४ लाख.

भाड्यावरून पडताळा. बंगला १८ हजार, मागचं घर ८ हजार. खोल्या धरत नाही. वर्षाचे ३ लाख १२ हजार, एक महिना रिकामं आणि घरपट्टी-दुरुस्तीचे ४० हजार काढले तर हातात २ लाख ४६ हजार. आसपास विकल्या गेलेल्या घरांचं निव्वळ भाडं त्यांच्या विक्री किंमतीच्या समजा पावणेतीन टक्के निघत असेल तर किंमत येते साधारण ८९.५ लाख. म्हणजे नुसत्या जमिनीपेक्षा सुद्धा कमी! इथे घाबरायचं नाही आणि टक्केवारी ओढून-ताणून आकडा पण जुळवायचा नाही. याचा अर्थ एवढाच की म्हसरूळचा बंगला घेणारा माणूस भाड्यासाठी घेत नाही, राहायला आणि जमिनीसाठी घेतो, म्हणून इथे भाड्याच्या पद्धतीला वजन कमी. हेच चुंचाळ्याच्या दहा खोल्यांच्या लाईनला उलटं होतं, तिथे घेणारा एमआयडीसीतल्या कामगारांचं भाडंच मोजत असतो आणि मग भाड्याचीच पद्धत मुख्य धरायची, खर्चाची फक्त पडताळ्याला.

मागच्या घराच्या भरीसाठी मात्र भाडं उपयोगी पडतं. ८ हजारांनी ९६ हजार, त्यातून एक महिना आणि १२ हजार दुरुस्तीचे काढले तर ७६ हजार. यावर पावणेतीन टक्के लावायचे नाहीत, कारण हे उत्पन्न फक्त बांधकामाचं आहे, बांधकाम झिजतं, वाढणारी जमीन यात नाही, म्हणून घेणारा जास्त परतावा मागेल, समजा ८ टक्के. साडेनऊ लाख येतात. खर्चाच्या बाजूने ९.४ आले होते. दोन वेगळ्या वाटांनी जवळजवळ एकाच जागी आलो म्हणजे आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. (नेहमी इतकं जवळ येत नाही, दोन-तीन लाखांचा फरक पडला तर आधी भाडं तपासा, बहुतेक भाडंच फुगवून सांगितलेलं असतं.)

म्हणजे बाजारात १ कोटी १३ लाख अधिक साडेनऊ, १ कोटी २२ लाखांच्या आसपास. बँकेला मंजूर तेवढंच, जमीन आणि बंगला, १ कोटी १४ लाख ६४ हजार किंवा बाजारातल्या एका बंगल्याचे १ कोटी १३ लाख, जे कमी ते. आणि मालकाचं दीड कोटी मालकापाशी.

घरं पाडली तर जास्त मिळतील का?

हे गंगापूर रोड, कॉलेज रोडसारख्या ठिकाणी विचारावंच लागतं. रस्ता मोठा, एफएसआय भरपूर शिल्लक आणि घरं जुनी असतील तर बिल्डर मोकळ्या प्लॉटचा जो भाव देईल त्यातून पाडायचा खर्च वजा करा, आणि तो आकडा घरांसकट येणाऱ्या किंमतीपेक्षा मोठा असेल तर घरांची किंमत शून्य. पुढचा बंगला कितीही सागवानी असला तरी शून्य. मालकाला हे सांगताना जरा सांभाळून सांगा.

भाडेकरू

लिव्ह अँड लायसन्सवर, नोंदणीकृत करारावर राहणारा माणूस असेल तर मुदत संपली की घर मोकळं, किंमतीवर फार परिणाम नाही. करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकलीय, आणि "अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदवला नाही" हे कारण चालत नाही.

जुना भाडेकरू असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. त्या कायद्याने भाडं वर्षाला चार टक्केच वाढतं, आणि घर खाली करून घ्यायचं तर कोर्ट किंवा तडजोड. जुन्या नाशकातल्या वाड्यांची किंमत म्हणून तीन भागांत काढायची : मालकाच्या ताब्यातला भाग पूर्ण भावाने, भाडेकरूंच्या ताब्यातला भाग येणाऱ्या भाड्यावर आणि कधीतरी मोकळा होईल या आशेवर, आणि मग बिल्डरने भाडेकरूंना पुनर्विकासात जागा देऊन काय उरेल त्या हिशोबाने पडताळा. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, ती नोटीस आलीय का तेही विचारा.

वाटणी असेल तर

वरच्या उदाहरणात एकूण १ कोटी २२ लाख ही मर्यादा. दोन भावांचे वाटे मिळून याच्या वर जाऊ शकत नाहीत, कारण तेवढंच आहे. पुढचा भाग घेणाऱ्याला रस्ता, पार्किंग, मंजूर बांधकाम मिळतं, मागच्याला बोळ आणि बिनपरवानगी घर, तेव्हा निम्मी निम्मी जमीन मोजून देणं हा न्याय नाही. आधी प्रत्येक वाट्याची किंमत काढा, मग पुढच्याने मागच्याला फरकाची रक्कम द्यायची. बहिणींचा हिस्सा विसरून वाटणी केली की ती पुढे मोडते, वडिलोपार्जित घरात मुलींना जन्मापासून मुलांइतकाच हक्क आहे, २००५ ची दुरुस्ती आणि सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे त्यावर. त्यांना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या.

आणि वाटणीपत्रात बोळाची रुंदी मीटरमध्ये लिहा, बोळ कुणाच्या मालकीचा आणि कुणाला जायचा हक्क, बोअर, सेप्टिक टाकी, गच्ची, पुढे शिल्लक एफएसआय कोण वापरणार, हे सगळं. "सामायिक" एवढा एक शब्द लिहून वकील मोकळा होतो आणि दहा वर्षांनी पोरं भांडतात.

२००१ ची किंमत

कॅपिटल गेनसाठी १ एप्रिल २००१ ला प्लॉटवर काय उभं होतं तेवढंच धरायचं. वरच्या उदाहरणात तर बंगलाच वीस वर्षांचा, म्हणजे २००१ ला फक्त मोकळी जमीन होती, तिची किंमत धरायची आणि त्या वर्षीच्या रेडी रेकनरच्या वर जायचं नाही. बंगला, मागचं घर हे नंतरचे, ते २००१ च्या किंमतीत येत नाहीत, पण ज्या वर्षी बांधले त्या वर्षीचा बांधकाम खर्च म्हणून दाखवता येतात, पावत्या किंवा निदान बँकेच्या नोंदी असतील तर. जुनी घरपट्टी, पहिलं लाईट बिल, परवानगीची तारीख इथे कामाला येतात. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घर-जमिनीला भारतात निवासी व्यक्तीसाठी इंडेक्सेशनसह (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून) २० टक्के किंवा इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के यातलं जे कमी पडेल ते धरता येतं, तेव्हा सीएकडून दोन्ही काढून घ्या.

रिपोर्ट

आयबीबीआयकडे (व्हॅल्युअरची नोंदणी करणारी केंद्राची संस्था) लँड अँड बिल्डिंग वर्गात नोंद असलेला व्हॅल्युअर घ्या, बँकेसाठी असेल तर त्या बँकेच्या पॅनेलवरचा, नाहीतर फी वाया जाते. रिपोर्टमध्ये प्रत्येक घराचं वेगळं क्षेत्रफळ, वय, मंजूर-नामंजूर, ताबा कुणाचा हे तक्त्यात मागा, जमीन एकाच ओळीत असली पाहिजे, दोन ओळींत दिसली की विचारा का. पाठीमागून, बोळातून आणि प्रत्येक घराच्या आतून फोटो लावायला सांगा. आणि मागचं घर धरून एक आणि सोडून एक असे दोन्ही आकडे लिहून घ्या, बँकेने एक नाकारला तर दुसऱ्यासाठी परत साइट व्हिजिटची फी भरावी लागत नाही.